फटफटीच्या नाकावरची साडी

आमच्याकडं कुणी पाहुणा मोटारसायकलवरून आला, की त्याच्या हातात पाण्याचा गडवा पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "ॲव्हरेज काय देते?" घरच्यांची ख्यालीखुशाली नंतर. एका लिटरात गाडी कुठवर जाते, त्यावरून माणसाची अक्कल ठरते. या हिशेबानं मी गावातली सगळ्यात बिनडोक बाई होते, कारण माझी फटफटी पेट्रोल पाण्यासारखं प्यायची.

माझी म्हणते, पण कागदावर ती नवऱ्याची. जुनी, कार्बोरेटरची, किक मारून चालू करायची. मग त्यानं नवी घेतली, बटण दाबलं की सुरू होणारी, आणि जुनी गोठ्यात गेली. तिच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. वावर आमचं गावापासून चांगलं लांब. नवरा नव्या गाडीवर भुर्रकन निघून जायचा आणि मी भाकरीचं गाठोडं घेऊन मागून पायी. एका उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. कोंबड्या हाकलल्या, फटफटी रिकाम्या खळ्यात ढकलत नेली आणि कुणालाही न विचारता शिकले. पडले, उठले, पुन्हा पडले. पोटरीवर सायलेन्सरचा डाग आहे तो तेव्हाचा. साडी वर खोचायची, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट घालायचा, जसा वावरात निंदायला जाताना घालतो तसाच, आणि निघायचं.

तेव्हापासून मी कुणाची वाट पाहिली नाही. वावर, केनवडचा बाजार, बँक, दवाखाना, सगळीकडं माझी मी. वाट पाहणं काय असतं ते ज्या बायकांनी केलंय त्यांनाच ठाऊक. साडी नेसून, थैली घेऊन, दारात उभं राहायचं आणि आतून आवाज यायचा, आज नाई जमत. सासूबाईंनी तर उभा जन्म तसा काढला. त्यांची सख्खी बहीण शिरपूरला, म्हणजे काही परदेशात नाही, पण तिचं तोंड पाहायला त्यांना एखाद्या लग्नाचं नाहीतर मयतीचं निमित्त लागायचं. मी म्हणायचे, "आत्याबाई, चला, मी नेते." त्या हात झटकायच्या. "मले नाई बसाचं तुया फटफटीवर. मले जीव जड नाई झाला."

बाईनं फटफटी चालवू नये, असं मला कुणीही कधी म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. आमचं घर फार सुधारलेलं आहे. घरात एवढंच म्हणायचे, की ती पेट्रोल फार पिते.

"काहून चालवून राह्यली ते डबडं?" नवरा म्हणायचा. "तुले फिराले पाह्यजे अन् तिले प्याले पाह्यजे. इकून टाकू."

पीत होती हे खरंच होतं. मी आंधळी नाही. चढावर दम टाकायची, मागं काळा धूर सोडायची, पेट्रोलचा वास माझ्या शर्टाला लागलेला असायचा. केनवडच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं प्लग काढून दाखवला, काजळी धरलेला. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतलं, स्क्रू इकडचा तिकडं फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, म्हातारी झाली ते. आता पेणारच." पुन्हा नेली, पुन्हा तेच. म्हातारी झाली म्हणजे जास्त खायला लागते, हे कुठलं शास्त्र, मला काही कळलं नाही.

शेवटी एक दिवस नवऱ्यानं शर्तच घातली. टाकी पूर्ण रिकामी केली, त्यात मोजून एक लिटर ओतलं आणि अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला, "शिरपूरले जाऊन घरी परत आली तं ठेव. वाटेतच बंद पडली तं इकून टाकतो. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, तो मलाच ऐकू आला.

शिरपूर गाठलं. देवळाच्या वाटेवर गाडी वळवली, एकदाही उगाच ॲक्सिलेटर पिळला नाही, उतारावर इंजिन बंद करून नुसती सोडली. तरी परतीच्या वाटेवर, गाव अजून लांब असताना, दोन आचके देऊन ती गप्प झाली. टाकी हलवली, गाडी एका अंगावर तिरपी केली, किक मारमारून पाय दुखला. मग ढकलत निघाले. ऊन रणरणत होतं. नव्या गाड्यांवरची ओळखीची माणसं हळू व्हायची, "काय वहिनी, पेट्रोल संपलं काय?" म्हणून हसायची आणि जायची. मी कुणाकडं थेंबभर मागितलं नाही. रागानं रडू येत होतं आणि रडले तर तेही लोक पाहतील म्हणून आणखी राग येत होता. घरी पोचले तेव्हा नवरा अंगणातच होता. त्यानं फक्त फोन काढला आणि रिसोडकडच्या त्याच्या मावसभावाला सांगितलं, येत्या बाजाराच्या दिवशी ये, गाडी घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी तापवत होते. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या ठासून भरल्या होत्या, आणि चुलीच्या तोंडाशी मी पाण्याचा हंडा सरकवून ठेवलेला. जाळ काही धरेना, नुसता काळा धूर. सासूबाई खोकत ओरडल्या, "व माय, हवा तं जाऊ दे त्याच्यात!" हंडा बाजूला केला, भप्पकन जाळ झाला. मी फुंकणी हातात घेऊन तशीच बसले. काळा धूर. हवा. मिस्त्रीनं पेट्रोलकडचं सगळं पाहिलं होतं. हवेकडचं कुणीच पाहिलं नव्हतं.

फटफटीला हवा जाते ती सीटखालच्या डब्यातून, त्यात फिल्टर असतो. त्या डब्यावरचं कव्हर कित्येक दिवसांपासून तारेनं करकचून बांधलेलं, म्हणून मिस्त्रीही त्याच्या वाटेला गेला नव्हता. पक्कड घेतली, तार तोडली, गंजलेला स्क्रू गोडेतेल सोडून सोडून फिरवला. फिल्टर बाहेर आला तो फडक्यात गुंडाळलेला. दुहेरी गाठ. आणि फडक्यावर कुटाराचा, म्हणजे सोयाबीनच्या भुशाचा, असा थर, की ते लिंपल्यासारखं कडक झालेलं.

बघितल्याबरोबर कळलं. सोयाबीन काढायच्या दिवसांत मळणीयंत्राजवळ गाडी न्यायची, तर आमच्याकडं पुरुष फिल्टरला फडकं बांधतात. कुटाराची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून. हंगाम संपला की सोडायचं. पण तो हंगाम संपता संपता नवऱ्यानं नवी गाडी घेतली, आणि जुनीचं नाक बांधलेलं ते बांधलेलंच राहिलं. मी खळ्यात शिकले, पडले, बाजारहाट केला, शिरपूरहून ढकलत आणली, ते सगळं या नाक बांधलेल्या गाडीवर.

फडकं धुतलं. साबण लावून चोळलं तेव्हा खालून मोरपंखी रंग निघाला आणि त्यावर पिवळी वेल. माझी माहेरची साडी. तिचा पदर एका दिवशी अख्खा गायब झाला होता आणि नवऱ्यानं सांगितलं होतं, उंदरानं नेला असंल. मी त्या उंदरासाठी घरभर पिंजरे लावले होते.

तो पिळलेला तुकडा मी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. "तुमचा उंदीर सापडला."

तो आधी समजला नाही. मग समजला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे बाप्पा! हे सोडाचं राहूनच गेलं काय?" त्यात खोट नव्हती, तो विसरलाच होता. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तिथंच मी पुन्हा शर्त लावली. तीच टाकी, तेवढंच पेट्रोल, तेच शिरपूर. फटफटी चढावर नुसती गुणगुणत गेली. धूर नाही, वास नाही. घरी आले, अंगण ओलांडून तशीच पुढं वावरापर्यंत गेले आणि तिथून परत आले, तरी टाकीत हलवलं की आवाज येत होता. नवऱ्यानं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "आता भाव चांगला येईन."

शर्त तो विसरला नव्हता. शर्त पेट्रोलची कधी नव्हतीच.

बाजाराचा दिवस उजाडला. मावसभाऊ आला, खाटेवर बसला, चहा आला. मी गोठ्यात होते आणि माझ्या हातात तो मोरपंखी तुकडा होता. पुन्हा बांधायला कितीसा वेळ लागणार? किक मारली की काळा धूर, एक चक्कर मारली की पाहुणा गाडीला नाव ठेवून घरी. एक गाठ मी मारलीसुद्धा. मग ती माझ्याच हातानं सोडली. एवढा त्रास काढून मोकळं केलेलं तिचं नाक मीच बांधू? आणि गाडी ठेवायची म्हणून तिलाच बदनाम करू? तुकडा वाळणीवर टाकला, गाडी अंगणात आणली आणि अर्ध्या किकमध्ये चालू केली.

"वा!" मावसभाऊ म्हणाला. "वहिनी, ॲव्हरेज काय देते?"

"नव्या गाडीच्या तोडीस तोड. चढावर दम टाकत नाई. काहीच खोट नाई तिच्यात."

"मंग इकून कायले राह्यले?"

"मी नाई इकून राह्यली," मी नवऱ्याकडं बोट करून म्हटलं. "यायले इचारा."

नवरा म्हणाला, "घरात दोन गाड्या कायले पाह्यजे?"

"चालवणारे दोघं हावोत म्हणून." मी म्हटलं. "ॲव्हरेज नव्हतं तवा ॲव्हरेज नाई म्हणून इकत होते. आता ॲव्हरेज हाय म्हणून इकून राह्यले. मंग सांगा ना पाहुण्यासमोर, पेट्रोल राहू द्या बाजूले, मी चालवते हेच खुपते ना तुमाले?"

मावसभाऊ कपबशीतल्या चहाकडं पाहत राहिला. नवऱ्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "लोकं हासतात मले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला होता. मला त्याची कीवही आली. पण कीव आली म्हणून किल्ली द्यायची नसते.

"मलेबी हासले होते, शिरपूरहून ढकलत आणली तवा," मी म्हटलं. "मेली नाई मी. गाडी इकाची नाई, भाऊ. चहा घ्या."

तेवढ्यात सासूबाई घरातून बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात थैली. मला वाटलं बाजाराला निघाल्या. त्यांनी वाळणीवरचा तो मोरपंखी तुकडा ओढला, रात्री सीटवर बसलेल्या कोंबड्यांची घाण खरवडून पुसली, आणि माझ्या खांद्याला घट्ट धरून मागं बसल्या.

"शिरपूरले चाल," त्या म्हणाल्या. "बहीण वाट पाहून राह्यली असंन."

दारात नवऱ्याची नवी गाडी आडवी लावलेली होती. तो उठला आणि त्यानं ती बाजूला घेतली.