कोरी राहिलेली डावी बाजू

आपांकडे गुआश शिकायला जाऊ लागले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आपा नांदेडच्या एका शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचं शिलाईचं दुकान खाली, आणि वरच्या खोलीत आपा. मी मूळची चाकूरची, इथं एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. रविवारची सकाळ तेवढी माझी, ती मी त्यांच्या खोलीत घालवायचे.

गुआश हा रंग पाण्यातच कालवतात, पण तो जलरंगासारखा पारदर्शक नसतो, कागद झाकून टाकतो. शाळेतल्या पोस्टर कलरचा थोरला भाऊ, असं आपा म्हणायच्या. पहिले कित्येक रविवार त्यांनी मला चित्र काढूच दिलं नाही, नुसता रंग कालवायला लावला. पाणी जास्त झालं की डाग पडतात, कमी झालं की वाळल्यावर रंग तडकतो. तो पातळ सायीसारखा हवा. खालचा थर पुरता वाळू द्यायचा आणि वरून एकदाच ब्रश फिरवायचा. पुन्हा घोळवला की खालचा रंग उठतो आणि सगळं मळकट होऊन बसतं. आमच्याकडच्या उन्हात रंग ताटलीतच वाळून जातो, म्हणून खाली ओलं फडकं ठेवायचं. आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. फिका रंग वाळला की थोडा गडद होतो, गडद वाळला की फिका. आधी कागदाच्या तुकड्यावर लावायचा, वाळू द्यायचा, मग ठरवायचं.

त्यामुळे हिवाळा संपता संपता आपांच्या चित्रांत जे दिसू लागलं, त्याचा दोष मी या वाळण्यालाच दिला. गल्लीच्या चित्रात उजवीकडची भिंत नेटकी असायची, तिच्यावरचं ऊन, पोपडे, खिडकीची सावली. डावीकडची भिंत मात्र एका सपाट थरात उरकलेली. पुढच्या चित्रात तो थरही अर्धवट होता. जिन्यावरून उतरताना त्यांचा डावा खांदा चौकटीला लागायचा. त्या म्हणायच्या, चौकटच अरुंद आहे.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा आम्ही रिक्षा करून विष्णुपुरीला गेलो. धरणाच्या पाण्याकाठी झाडाखाली सतरंजी टाकली. वारा पडला होता, पाणी शिशासारखं. आपांनी पाण्याचा राखाडी रंग तीनदा कालवला, तुकड्यावर वाळवून बघितला आणि मग हात चालू केला. मी माझ्या चित्रात गुंतले. मान वर केली तेव्हा त्या खाली सही करत होत्या.

पैलतीर, बाभळी, पाण्यावरची चमक, सगळं उत्तम उतरलं होतं. पण डावीकडचा कागद कोराच होता. तिकडं पाण्यात पंपाची पांढरी खोली उभी होती, ती चित्रात नव्हती. पाणीही मधेच थांबलं होतं.

मला वाटलं, मुद्दाम सोडलंय. मी म्हणाले, "आपा, डावीकडची मोकळी जागा छान सोडलीत."

"कुठं सोडली?" त्यांनी विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यांनी हसत मान वळवली. आधी कोरा कागद बघितला, मग पंपाची खोली. हसू गेलं. त्या ब्रश धूत राहिल्या. पाणी स्वच्छ झालं तरी धूतच राहिल्या.

मग आम्ही जेवायला बसलो. मी ताटलीत भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी वाढली. आपांनी भाकरी-पिठलं खाल्लं आणि ताटली बाजूला सारली. भाजी तशीच होती, डाव्या बाजूला. मी ताटली फिरवून पुन्हा पुढं ठेवली.

"वांगं पण आणलं होतं?" त्या म्हणाल्या आणि जेवू लागल्या.



परत आल्यावर मी त्यांच्या भावाला सांगितलं. त्यांनी ते वयावर आणि चष्म्यावर घातलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आपांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. त्या ठणठणीतपणाचीच मला जास्त भीती वाटली. मग त्यांच्याच सांगण्यावरून डोक्याचं स्कॅन झालं. मेंदूच्या उजव्या भागात मागं गाठ होती.

ऑपरेशन लातूरला झालं. आदल्या संध्याकाळी मी पलंगाच्या उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसले होते. आपा म्हणाल्या, "बेटा, मला वाटायचं, दिसत न्हाई म्हंजे काळं दिसतं. तसं न्हाई. तिथं काई हाय असंच वाटत न्हाई."

मी त्यांचा हात धरला.

गाठ कॅन्सरची निघाली नाही. पण सगळी काढता आली नाही. एका नाजूक जागी थोडी ठेवावी लागली. ती वाढते का, लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं.

आपा पुन्हा रंगवायला बसल्या. डावीकडची नजर परत आली नाही, पण दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना एक युक्ती शिकवली होती. चित्र सुरू करण्याआधी आपा मला कागदाच्या डाव्या कडेला लाल रंगाची जाड पट्टी ओढायला सांगतात. मग ती दिसेपर्यंत मान वळवत जातात. पट्टी सापडली की कागद संपला हे कळतं. पावसाळाभर असं छान चाललं होतं. डाव्या कोपऱ्यात फांद्या आल्या, कावळे आले. भाऊ वर येऊन चित्रं बघू लागले.

गेल्या रविवारी मी पट्टी ओढली. आपांनी मान वळवली, थांबल्या, आणखी वळवली. ब्रशवरचा रंग वाळून गेला.

"ओढलीस का गं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि खाली भावाला हाक मारून लातूरची गाडी सांगायला सांगितली. आवाज अगदी रोजचा होता. मी ताटलीतले रंग पुसायला घेतले. त्या म्हणाल्या, राहू दे, फडकं ओलं करून झाकून ठेव.

उद्या सकाळी निघायचं आहे.