खुरपताना बोलत राहायचं

आमच्या बोरी बुद्रुकमध्ये सल्ला मागावा लागत नाही. सकाळी डेअरीवर दूध घालायला उभं राहिलं की रांगेतलं कोणीही तो देतं. ऐकणाऱ्याने मान हलवायची असते. कुकडीच्या खोऱ्यात ऊस वाढला, उसात बिबट्या राहायला आला, आणि आता निम्मे सल्ले त्याच्याबद्दलच असतात. एकट्यानं रानात जायचं नाही. खाली बसून काम करायचं नाही, बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. बसावंच लागलं तर उसाकडे पाठ करायची नाही.

मी चाकणला कंपनीत आहे, सुट्टीला गावी येतो. वडील गेल्यापासून आई वस्तीवर एकटी असते. कांद्याची खुरपणीही एकटीच करते, कारण मजूर बाई मिळत नाही, आणि मिळाली तर तिचं काम आईला पसंत पडत नाही. खुरपणी उभ्यानं होत नाही, आणि आमच्या कांद्याला दोन्ही बाजूंनी ऊस आहे. म्हणजे वरचे तिन्ही सल्ले आईच्या काही कामाचे नव्हते. रोज दुपारी तिला फोन केल्याशिवाय मला जेवण जात नसे. कशी आहेस, तर बरी हाय. जेवलीस का, तर जेवले. आवाज ऐकला की मी फोन ठेवायचो.

गेल्या हिवाळ्यात चुलत्यांनी मला डेअरीवर गाठलं. म्हणाले, "बिबट्या मानच धरतो. तिच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाल. लई जण घालत्यात आता." मी पट्टा आणला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला.

"मी काय मेंढरामागचं कुत्रं हाय?"

पट्टा खुंटीला गेला. मग मी गाणी वाजवणारा स्पीकर आणला. तो दोन दिवस बांधावर वाजला, तिसऱ्या दिवशी तिने बंद केला. कान किटले म्हणाली. मी चिडलो आणि चुलत्यांकडे जाऊन तिची तक्रार केली.

"गाण्यांची त्यालाबी सवय लागती, राव," ते म्हणाले. "तोंडानं बोलत ऱ्हायचं. माणसाचा आवाज आला का त्यो लांबनं जातो. मी सांगतो तिला."

मला हसू आलं. माझी आई दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाही. ती एकटी उसाला काय सांगणार होती?

पुढच्या सुट्टीला मी दुपारीच पोहोचलो. मोटारसायकल रस्त्याला लावली आणि पाटाच्या कडेनं चालत निघालो. उसाच्या कोपऱ्यावरच तिचा आवाज आला, मोठा आणि एकसुरी, शाळेत धडा वाचावा तसा. मला वाटलं फोनवर असेल. डोकावून पाहिलं तर फोन नव्हता. ती वाफ्यात बसून खुरपत होती आणि बोलत होती. माझ्याशी.

"गुडघा लई दुखतोय रे. तुला सांगितलं तर तिकडं घिऊन जाशील, मंग हितं कोण? भाकरी दोन करते, एक तशीच ऱ्हाती. तुजे वडील जेवताना कुरकुर करायचे, ती बरी व्हती. तू फोन लगीच ठिवतोस. कामात असशील. मी बरी हाय म्हन्ते, तुलाबी बरं वाटतं."

ती थांबली, मुळाची माती झटकली, गवत बांधावर टाकलं आणि पुन्हा आवाज चढवला. मी उसाच्या आडोशाला उभा होतो. मला फार लाज वाटली, आणि रागही आला. रोज विचारत होतो की मी.

शेवटी हाक मारली. ती लगेच गप्प झाली.

"कवा आलास?"

"आत्ताच. गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काय झालंय?"

बांधावर दुसरं खुरपं होतं. ते घेऊन मी शेजारच्या वाफ्यात बसलो. रानात दोन माणसं असली की बोलत राहावं लागत नाही, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ऊन उतरेपर्यंत आम्ही तीन वाफे संपवले. ती एक शब्द बोलली नाही.