थॉर्निश रानाचं खिंडार

क्लेमेंट पास्क पंचाहत्तरीला टेकला, पण त्याला खोटं ठरवलं ते एकदाच, आणि तेही तो स्वतःचा गुन्हा कबूल करत असताना.

थॉर्निश रानाभोवतीचा मातीचा बांध सातशे वर्षांचा. बाहेरून चर, आतून बांध, गुरं शिरू नयेत म्हणून. आत क्लेम हेझलची झुडपं बुडातून तोडायचा, फुटवे वाढू द्यायचा आणि त्यांच्या काठ्यांच्या ताट्या विणायचा. जन्मभर हेच. फक्त एकोणीसशे एकसष्ट साली, तो कोवळा पोर असताना, मालकाच्या हुकमावरून त्यानं ओंडके काढायला बुलडोझरनं बांध फोडला होता. त्याच्या जिवाला ते इतकं लागलं, की पुढचे कितीतरी रविवार खपून त्यानं खिंडाराच्या कडा फावड्यानं उतरत्या केल्या, वर गवत बसवलं.

आता त्याच खिंडारातून शेजारचे गोऱ्हे शिरतात आणि कोवळे फुटवे फस्त करतात. तीन वर्षांत एका ताटीपुरतीही काठी हाती लागली नव्हती. खिंडार बुजवायचं, तर जुन्या बांधाला हात लावायला सरकारी परवानगी हवी. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या ऑर्टनबाई पाहायला आल्या. कडांवरून हात फिरवत म्हणाल्या, "मिस्टर पास्क, हे तर मूळचं दार. हे बुजवता यायचं नाही."

"बाई, ते मी फोडलंय."

"काही कागद आहे?"

"कागद कुठला? फावडं आहे घरी."

बाई हसल्या. क्लेमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालक मेला, बुलडोझर भंगारात गेला, आणि जो जिवंत आहे त्याचं कुणी ऐकत नाही.

"इतकं नीटनेटकं करायला तुला सांगितलं होतं कुणी?" घरी चहा ओतत डोरीन, त्याची बायको, म्हणाली.

"लाज वाटली होती गं."

"मग भोग आता."

मे महिन्यात तिथं फलक लागला. फोटोसाठी जुना रानकामगार हवा म्हणून क्लेमला बोलावलं. टोपी हातात घेऊन त्यानं फलक वाचला: मध्ययुगीन दार, उत्तम कारागिरी, करणारा अज्ञात. त्यानं तो पुन्हा एकदा वाचला. तेवढ्यात सहा गोऱ्हे त्याच्या शेजारून निवांत आत शिरले.

"जरा इकडे बघा, मिस्टर पास्क," बाई म्हणाल्या.

क्लेम काठी उचलून गोऱ्ह्यांमागे धावला. फोटोत दार छान आलंय. त्याची नुसती पाठ दिसते.