जोडीनं कापलेले वासे

शामलाबाईंनी रात्रीच्या भाताला फोडणी दिली, वरून हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला, तरी मनोहररावांची ताटली तशीच भरलेली. एरवी हा माणूस ताटात शीत ठेवायचा नाही. आज घास उचलला, ठेवला. उठून करवतीच्या दोन दात्यांवर कानस घासली, परत येऊन बसला, परत उठला.

"काय जी, मुंग्या चावून राहिल्या का?" शामलाबाईंनी विचारलं. "पोरीच्या लग्नातही एवढी उठबस नाही केली तुम्ही."

"प्रेमिलाताईंच्या पडवीचा कोपरा वं..."

"तो तं काल संपला ना?"

"संपला, म्हणूनच तं."

आता सगळीकडे स्लॅबच पडतो. लाकडी छताचं काम मनोहररावांसारख्या वाढयाच्या, सुताराच्या, नशिबी क्वचित येतं. कोराडी रोडवर प्रेमिलाताईंनी मात्र हौसेनं घराच्या दोन बाजूंनी कवेलूची, म्हणजे कौलांची, पडवी काढली. समोरची अरुंद, बाजूची रुंद. वर दोन्ही भिंतीला एकाच उंचीवर टेकलेल्या, खाली कडाही एका रेषेत. म्हणजे समोरचा उतार उभा आणि बाजूचा पसरट. दोन्ही उतार मिळतात त्या कोपऱ्यात एक लांब तिरपा वासा, आणि त्याला दोन्हीकडून येऊन भिडणारे छोटे वासे.

छोट्या वाशांची टोकं जोडीनं कापायची, ही मनोहररावांच्या वडिलांपासूनची रीत. एक डावा, एक उजवा, काप दोघांचा एकच, आरशातल्यासारखा. उतार सारखे असले की ही रीत कधी दगा देत नाही. इथं उतार दोन जातींचे होते आणि हात मात्र जुन्याच सवयीचा. लांबी बरोबर घेतली, काप जोडीचाच मारला. चढवून पाहतात तो रुंद बाजूचे वासे नुसते टोकाशी टेकलेले, मागे बोट जाईल एवढी फट. संध्याकाळ झाली होती, लाकूड संपलं होतं. त्यांनी फटीत चिपा ठोकल्या, भुसा आणि सरस कालवून भरला, वर रंगाचा हात फिरवला. काम देखणं दिसत होतं. तेवढंच रात्रभर खुपत राहिलं.

दारावर थाप पडली. प्रेमिलाताईच होत्या, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

"जय भीम, भाऊ! चला लवकर. कवेलूवाले आले. पहिलं कवेलू तुमच्याच हातानं चढवाचं, म्हणून मीच घ्याले आली."

"जय भीम, ताई. चहा..."

"चहा तिकडेच. आईनं तं कोपऱ्यात खाटही टाकून ठेवली. म्हणते, माझी जागा ठरली, आता कोणी उठवू नका."

मनोहररावांचा एक पाय चपलेत गेला होता. दुसरा जाईना.

"काहून थांबले जी?" शामलाबाई हळूच म्हणाल्या.

"ताई, तुमच्या आईच्या खाटेवरचे छोटे वासे चुकीचे कापले आहेत. मीच कापले. फटीत चिपा ठोकून वरून रंग मारला. आज धरून आहेत. कवेलूचं वजन पडल्यावर कधी सरकतील, मले सांगता येत नाही."

प्रेमिलाताईंची किल्ली फिरायची थांबली. "भाऊ, ते लोक गाडी रिकामी करून राहिले तिकडे."

"करू द्या. फक्त आज कवेलू वर चढवू नका. ते वासे काढून मले परत कापू द्या."