वेणीतली जादा गाठ

आज एस्टी स्टँडवर एका म्हाताऱ्याच्या पायात मी घडवलेली चप्पल दिसली. तळ झिजून पातळ झाला होता, पण चामड्याच्या वेणीतली माझी चोरटी जादा गाठ शाबूत होती.

आमच्या गल्लीत घरोघरी चपला होत. पुरुष चामडं कापत, बायका वेणी घालत आणि नाव लागे दुकानाचं. मी नवी सून, भारी शहाणी. प्रत्येक वेणीत एक गाठ जादा मारायची. सासूबाई म्हणायच्या, “अगं, पायातलं काम कोण बघतंय?”

मी बघायची! बाजारभर लोकांच्या पायांत माझी गाठ शोधायची. लोक म्हणायचे, सून किती खालमानेनं चालते!

पुढं कारखान्याच्या चपला आल्या. गल्लीतले हातोडे गप्प झाले.

“काय बघताय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

मी मान वर केली. म्हटलं, “माझी सही.”