पडीच्या तुकड्याचं ढेकूळ

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या दारात दोन जोडी बूट असायचे. नवऱ्याचे गाड्यांच्या कंपनीत जायचे, चकाचक. माझे चिखलाचे, कारण मी मातीवर मास्टर्स करत होते. एप्रिलमध्ये सासरे राहायला आले आणि त्यांनी पहिल्याच सकाळी माझा बूट उलटा करून माती चिमटीत चोळली. "अगं, ही तर आपल्यासारखी काळी!"

"रंग तसाच, पण कारण वेगळं, बाबा. आपली काळी मुख्यतः खडकामुळे. इथे म्हणे एकेकाळी नुसतं गवत होतं. ते कुजलं, त्यातला कार्बन मातीत साठला."

"गवतानं काळी?" त्यांचा विश्वास बसेना. मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली, आणि प्रत्येक प्रश्न फिरून गावाकडच्या ओढ्याकाठच्या तुकड्यावर यायचा. तो तुकडा ते वर्षाआड पड ठेवायचे. कुळवून, कापणीनंतरची धसकटं वेचून, अंगणासारखा स्वच्छ. जमिनीला विश्रांती हवी, म्हणायचे. तरी अलीकडे तिथे पाणी मुरेनासं झालं होतं, पाऊस पडला की नुसतं वाहून जायचं. पेरणीआधी त्यांना गावी भावाला कळवायचं होतं, यंदा पेरायचं की आणखी वर्षभर पड ठेवायचं. त्या काळजीनं त्यांना इथे चैन नव्हतं.

एका शनिवारी मी त्यांना आमच्या प्रयोगाच्या शेतावर नेलं. तीन पट्टे होते. एकात दरवर्षी गहू, दुसऱ्यात गहू आणि क्लोव्हर, म्हणजे लसूणघासासारखा चारा, आलटून पालटून, तिसऱ्यात कित्येक वर्षं काहीच नाही, फक्त नांगरट. तिसरा बघून बाबा खूश. "याला म्हणतात निगा!" मी नमुने काढायला वाकले.

मी नमुने काढून मागे वळते तो काय, बाबा पहिल्या पट्ट्यातल्या कोवळ्या गव्हामधली गेल्या वर्षीची धसकटं उपटून बांधावर छान ढीग लावत होते!

"अहो बाबा! काय करताय हे?" सासरे आहेत हेही विसरून मी ओरडले. ती धसकटं म्हणजे तर आमचा प्रयोग. शेतावरचा म्हातारा तंत्रज्ञ धावत आला. मी मोडक्या जर्मनमध्ये माफी मागितली. त्यानं ढिगाकडे पाहिलं, "असू दे, असू दे," म्हणाला आणि सरळ गुडघ्यांवर बसला. तिघांनी मिळून धसकटं परत पसरली. कुठून कुठवर उपटली होती ते त्यानं वहीत लिहून घेतलं.

ट्रॅममध्ये बाबा नखांतली माती काढत होते. मग म्हणाले, "त्या कचऱ्यात एवढं काय आहे, सांग तरी."

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. मी आधीच्या एका खेपेला दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातलं एकेक ढेकूळ आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळवलं होतं. घरी आल्यावर ती दोन्ही तारेच्या गाळण्यांत ठेवून पाण्यानं भरलेल्या दोन बरण्यांत अलगद सोडली. क्लोव्हरचं ढेकूळ तसंच राहिलं. पडीचं क्षणभर थांबलं, मग त्याचे कण सुटायला लागले आणि ते ढासळून खाली गाळ झालं. मला ही गोष्ट पुस्तकातून माहीत होती, तरी मीही डोळे फाडून बघत होते.

"मातीतले जीव जगायला काहीतरी खातातच," मी म्हटलं. "वरून मुळं, काडी-कचरा मिळाला नाही, की साठवलेलंच खातात. तो साठाच मातीचे कण धरून ठेवतो. तो संपला की पाऊस पडताच माती अशी विरघळते. भेगा बुजतात, वर खपली धरते, पाणी आत मुरत नाही."

बाबा बरणीवर वाकले. "माझ्या तुकड्यातलं ढेकूळ यातलं कुठलं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी गाळाच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"म्हणजे मी तिला विश्रांती नव्हतो देत," ते हळूच म्हणाले. "उपाशी ठेवत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी भावाला फोन लावला. "ओढ्याकाठी ताग पेर, फुलावर आला की मातीत गाड. आणि धसकटं वेचू नकोस." पलीकडून मोठ्यानं काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान ताठ केली.

"नाही रे, सुनेनं नाही सांगितलं. मी डोळ्यांनी बघितलं."