तिकोन मिस्त्री

मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात सागवानी लाकडाचा एक त्रिकोण असायचा. बाजू फुगीर, कोपरे झिजून काळे पडलेले. टपरीवर कोणी गाडीचा विषय काढला की तो टेबलावर यायचा आणि पुढचा अर्धा तास त्या माणसाची सुटका नसे. गोंदियात त्यांना तिकोन मिस्त्री म्हणत. त्यात कौतुक कमी, टिंगल जास्त.

"हे इंजिन जर्मन माणसानं काढलं अन् जपान्यानं पोसलं," ते सांगत. "बाकी गाड्यांत पिस्टन वरखाली धावून राहते, याच्यात हा तिकोन नुसता फिरते. पण कोपऱ्यातली पट्टी गेली का इंजिन मेलं." आपल्या गावी, दवनीवाड्यात, पाण्याचे पंप दुरुस्त करता करता पुस्तकांतून आणि फोनवरच्या व्हिडिओंतून ते हे शिकले होते. तसलं इंजिन साठीपर्यंत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

मग एका राईस मिलवाल्याच्या मुलाने जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. नागपूरच्या गॅरेजांनी हात टेकले, तेव्हा ती आमच्याकडे आली. गॅरेजमध्ये मिस्त्रींची आणि माझी निम्मी-निम्मी भागीदारी होती. इंजिन उघडलं त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. आतला लोखंडी तिकोन निघाला, तसा त्यांनी खिशातला सागवानी त्याच्या शेजारी ठेवला.

चार महिने लागले. नव्या पट्ट्या बसवल्या, हवा आत घेणारी तोंडं हाताने घासून किंचित मोठी केली. "जास्त घासशील तं मोकळ्या रोडवर धावन, पण बाजारातल्या गर्दीत हळू चालणार नाई," असं म्हणत ते दरवेळी आत बोट फिरवून बघत. आमगाव रस्त्यावर गाडी सुटली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मिस्त्री रडत होते आणि गिअर बदलत होते.

फक्त सुरू होताना थोडा निळा धूर यायचा. पट्ट्या कोरड्या घासून तुटू नयेत म्हणून या इंजिनाला थोडं तेल जाळावंच लागतं. एका बारीक नळीतून ते थेंबथेंब आत जातं. "ते त्याचं जेवण होय, बिमारी नोहे," त्यांनी मला दहादा सांगितलं होतं.

मिस्त्री पुतणीच्या लग्नाला देवरीला गेले आणि तो मुलगा आला. "धुआँ बंद करो. लोग हँस रहे हैं. बुड्ढे से नहीं होता तो बोलो."

मी नळी बंद केली. जन्मभर गाड्यांचा धूर तेल अडवूनच थांबवला होता, हे एक कारण. दुसरं जास्त खरं आहे. मिस्त्रींचं नाव होत होतं आणि ते मला खुपत होतं.

वीस दिवसांत हायवेवर इंजिन बसलं. मिस्त्रींनी ते उघडलं, तुटक्या पट्ट्या तळहातावर घेतल्या, मग नळीत मी ठोकलेला खिळा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. दारात गाडीचा मालक, तो मुलगा, चार माणसांसमोर ओरडत होता.

"माह्या हातून चूक झाली," मिस्त्री म्हणाले. मी पाना पुसत उभा राहिलो.

सगळं गोंदिया हसलं आणि मिस्त्री दवनीवाड्याला परत निघाले. मी कसंबसं विचारलं, "काऊन घेतलं अंगावर?"

"तुले गॅरेज चालवा लागन. लेकरं आहेत तुले." पिशवी उचलत ते म्हणाले, "मले एकदा चालवायले भेटलं. पण तू मले इचारायचं होतं, बाबू."

दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या मुलीने सागवानी तिकोन मला आणून दिला, बाबांचा सगळ्यात जवळचा माणूस म्हणून. तो माझ्या खणात आहे. गिऱ्हाईकं अजून विचारतात, ती गाडी खराब करणारा म्हातारा इथलाच ना?

मी हो म्हणतो.